प्लास्टिक कमी वापरून घरी अन्न कसं गोठवावं

फ्रीजरमध्ये अन्न टिकतं ते उणे १८ अंश सेल्सिअस तापमानामुळे. त्या तापमानाला जंतूंची वाढ थांबते आणि अन्न बिघडवणाऱ्या बाकीच्या क्रिया फार मंदावतात. प्लास्टिकच्या पिशवीचा त्यात वाटा नसतो. पिशवीकडे दोनच कामं असतात: अन्नातला ओलावा बाहेर जाऊ न देणं आणि बाहेरची हवा अन्नाला लागू न देणं. ही दोन कामं दुसरं काय करू शकेल, हा प्रश्न प्रत्येक पदार्थासाठी वेगळा विचारला की प्लास्टिकची गरज झपाट्याने कमी होते.

ओलावा जातो कसा, हे माहीत असलेलं बरं. फ्रीजरमधली हवा अतिशय कोरडी असते. अन्नाच्या पृष्ठभागावरचा बर्फ न वितळताच थेट वाफ होऊन त्या हवेत मिसळतो. मग त्या जागी पांढरट, सुकलेले, चिवट डाग पडतात. यालाच फ्रीजर बर्न म्हणतात. असं अन्न खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चव आणि पोत दोन्ही जातात. शिवाय हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेलकट-तुपकट पदार्थांना खवट वास येतो. त्यामुळे डब्यात रिकामी जागा जितकी जास्त, तितकं नुकसान जास्त.

पण डबा काठोकाठ भरूनही चालत नाही. पाणी गोठताना त्याचं आकारमान साधारण ९ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे लिटरभर सूपला जवळपास ९० मिलिलिटर जास्त जागा लागते. आत हवा कमी हवी, तरी फुगायला जागा हवी. प्लास्टिकची पिशवी मऊ असल्याने ही अडचण सहज सोडवते. काच आणि स्टीलला ती सोडवता येत नाही, ती आपल्याला भरताना सोडवावी लागते. या लेखातला बराचसा तपशील याच एका अडचणीभोवती फिरतो.

आपला फ्रीजर कोणत्या प्रकारचा आहे तेही पाहून ठेवा. ज्या फ्रीजरमध्ये बर्फ साचतच नाही, त्यात आतला हीटर ठरावीक वेळाने चालू होऊन बर्फ वितळवतो आणि पंखा कोरडी हवा सतत फिरवत असतो. अशा फ्रीजरमध्ये कागदात किंवा कापडात गुंडाळलेलं अन्न लवकर सुकतं. तिथे घट्ट झाकणाचा डबाच हवा. हाताने बर्फ काढावा लागणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रीजरमध्ये सैल आवरण थोडं जास्त दिवस चालून जातं.

नवीन काही विकत घेण्याआधी

प्लास्टिक कमी करायचं म्हणून घरातले धडधाकट प्लास्टिकचे डबे टाकून काचेचा नवा संच आणणं मला पटत नाही. जो डबा तयार झालेलाच आहे, तो वर्षानुवर्षं वापरण्यात सगळ्यात कमी नुकसान आहे. जाड डबे, आइस्क्रीमचे डबे, चेनच्या मजबूत पिशव्या हे सगळं धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा वापरा. तीन पथ्यं मात्र पाळा: त्यात गरम पदार्थ ओतू नका, कच्चं मांस किंवा मासे ठेवलेली पिशवी दुसऱ्या अन्नासाठी वापरू नका, आणि डब्याला चीर गेली, झाकण सैल झालं किंवा धुऊनही वास जात नसेल तर त्याला अन्नाच्या कामातून रजा द्या. पातळ प्लास्टिक थंडीत ठिसूळ होतं, म्हणून गोठलेला डबा ओट्यावर आपटून अन्न सुटं करू नये.

आणखी एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. एक पिशवी वाचवताना किलोभर भाजी सुकून कचऱ्यात गेली, तर आपण तोट्यातच राहतो, कारण ती पिकवायला लागलेलं पाणी, इंधन आणि कष्ट त्या पिशवीपेक्षा कितीतरी मोठे असतात. म्हणून जिथे प्लास्टिकशिवाय अन्न नीट टिकतं तिथे ते पूर्ण सोडा, आणि जिथे टिकत नाही तिथे जुनंच प्लास्टिक पुन्हा वापरा.

स्टीलचे डबे

माझी पहिली पसंती स्टीलला आहे. ते फुटत नाही, वास धरत नाही, आंबट पदार्थांनी खराब होत नाही आणि थंडी लवकर आत पोचवतं, त्यामुळे अन्न पटकन गोठतं. पटकन गोठण्याला फार महत्त्व आहे. हळूहळू गोठताना बर्फाचे मोठे खडे तयार होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात आणि भाजी वितळल्यावर लिबलिबीत होते. वेगाने गोठलं की खडे बारीक राहतात. झटपट गोठवण्याचा हाच धागा धरून अमेरिकेत क्लॅरन्स बर्ड्‌झाय यांनी १९२० च्या दशकात आपली यंत्रं उभी केली आणि १९३० मध्ये त्यांची गोठवलेली पाकिटं दुकानांत आली.

डबा रुंद आणि उथळ घ्या. उंच डब्यात मधला भाग गोठायला फार वेळ लागतो. झाकणाला सिलिकॉनची रिंग आणि बाजूंना कड्या असतील तर उत्तम. नुसतं वरून बसणारं झाकण असेल, तर अन्नाच्या पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपरचा तुकडा कापून ठेवा आणि मग झाकण लावा. त्याने वरच्या हवेचा संबंध बराच तुटतो. तरीही अशा डब्यातलं अन्न महिनाभरात संपवावं. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये जात नाही, हे मात्र लक्षात ठेवून त्यात काय भरायचं ते ठरवा.

काचेच्या बरण्या

बरणी फ्रीजरमध्ये तडकते त्याची कारणं दोनच असतात: फुगायला जागा नसणं किंवा तापमानातला अचानक बदल. दोन्ही टाळता येतात.

बरणीचा आकार आधी पाहा. बुडापासून तोंडापर्यंत सरळ भिंत असलेली, रुंद तोंडाची बरणी निवडा. खांदा असलेली, म्हणजे वर निमुळती होत गेलेली बरणी पातळ पदार्थांसाठी वापरायची असेल, तर खांद्याच्या खालपर्यंतच भरा. गोठणारं द्रव वर सरकताना खांद्याला अडतं आणि तिथेच काच फुटते. सरळ तोंडाच्या अर्धा लिटरच्या बरणीत वर दीड सेंटिमीटर आणि लिटरच्या बरणीत अडीच सेंटिमीटर जागा सोडा. अरुंद तोंडाच्या लिटरभर बरणीत चार सेंटिमीटर तरी सोडा.

मग क्रम असा ठेवा. पदार्थ निववा, बरणीत भरा, झाकण न आवळता काही तास फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर फ्रीजरमध्ये हलवा, बरण्या एकमेकींना टेकू देऊ नका. आतला पदार्थ घट्ट गोठला की झाकण आवळा. काढताना उलटा प्रवास: फ्रीजरमधून फ्रिजमध्ये, रात्रभर. गोठलेली बरणी गरम पाण्यात किंवा गरम ओव्हनमध्ये ठेवू नका. ती ओव्हनची काच असली तरीही नको. सॉस-लोणच्यांच्या रिकाम्या बरण्या वापरता येतात, पण त्यांची काच पातळ असू शकते. त्यांत मटार, फळांचे तुकडे असं सुटं, कोरडं अन्न भरावं, त्याला फुगण्याची भीती कमी असते.

बाकीची साधनं, थोडक्यात

सिलिकॉनच्या पिशव्या टिकाऊ असतात आणि हवा दाबून काढता येते. पण त्या वास धरतात आणि निकामी झाल्यावर त्यांचा पुनर्वापर करणारी सोय सहसा मिळत नाही. घेतल्या तर कमी घ्या आणि खूप वर्षं वापरा.

ॲल्युमिनियमची फॉइल अन्नाला चिकटून बसते, म्हणून हवा रोखायला चांगली. टोमॅटो, लिंबू, चिंच अशा आंबट पदार्थांना ती लावू नका, तिला बारीक भोकं पडतात. मेणकापड, म्हणजे मेण चढवलेलं सुती कापड, महिन्याभराच्या आतल्या साठवणीला ठीक आहे, कच्च्या मांसाला अजिबात नाही. ते थंडीत कडक होतं. उघडण्याआधी काही मिनिटं बाहेर ठेवलं की मेण तडकत नाही.

कागदाबद्दल सावध राहा. साधा कागद आणि पुठ्ठा ओलावा अडवत नाहीत. फ्रीजरसाठी म्हणून मिळणाऱ्या कागदाच्या आतल्या बाजूला बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. दुधाच्या आणि रसाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांनाही असतोच, पण ती खोकी घरात आलीच असतील तर धुऊन त्यांत सूप गोठवायला छान उपयोगी पडतात. वनस्पतींपासून बनवलेल्या म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पिशव्या घरच्या खतखड्ड्यात कुजत नाहीत, त्यांना कारखान्यातल्या कंपोस्टची उष्णता लागते. नाव वाचून त्या घेऊ नका.

भाज्या: उकळतं पाणी, बर्फाचं पाणी, ताट, डबा

बहुतेक भाज्या गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात. भाजीतली एन्झाइम्स थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि रंग, चव, पोत बिघडवतात. उकळत्या पाण्याने ती थांबतात. प्लास्टिक नसताना ही पायरी गाळू नये, कारण आवरण थोडं कमी पडलं तरी भाजीने तग धरायला हवा.

अर्धा किलो भाजीला साधारण चार लिटर पाणी घ्या. पाणी खळखळून उकळल्यावर भाजी टाका आणि पुन्हा उकळी आली की वेळ मोजायला लागा. मटाराला दीड मिनिट, गाजराच्या चकत्यांना आणि पालेभाजीला दोन, फरसबी, फ्लॉवरचे तुरे आणि ब्रोकोलीला तीन, लहान भेंड्यांना तीन. लगेच बर्फाच्या पाण्यात काढा आणि तितकाच वेळ तिथे ठेवा. मग चाळणीत निथळून स्वच्छ सुती कापडावर पसरा आणि वरून दुसऱ्या कापडाने टिपा. भाजीवर राहिलेलं पाणी बर्फ होऊन सगळं एकमेकांना चिकटवतं, म्हणून इथे घाई करू नका.

आता ताटात एका थरात पसरा, तुकडे एकमेकांना शक्यतो लागू देऊ नका आणि उघडंच फ्रीजरमध्ये ठेवा. दोन ते चार तासांत तुकडे खडखडीत होतात. तसे झाले की लगेच डब्यात भरा, जास्त वेळ उघडे राहिले तर सुकतात. हा ताटाचा टप्पा प्लास्टिकशिवाय गोठवण्यातला सगळ्यात कामाचा आहे. तुकडे सुटे राहिल्यामुळे मोठ्या डब्यातून हवी तेवढी मूठभर भाजी काढता येते आणि प्रत्येक वेळच्या वाट्यासाठी वेगळी पिशवी लागत नाही. डबा भरताना हलवून-ठोकून भरा म्हणजे मधली हवा कमी होते. निम्मा वापरून झाला की उरलेलं लहान डब्यात काढा.

पालेभाजी मात्र उकळून, थंड करून, हाताने पिळून तिचे लिंबाएवढे गोळे करा. गोळे ताटात गोठवून डब्यात टाका. गोळ्याचा उघडा पृष्ठभाग कमी असतो, त्यामुळे ती फार चांगली टिकते.

एका दिवसात किती गोठवावं यालाही मर्यादा आहे. १०० लिटरच्या फ्रीजरमध्ये एका दिवसात तीन ते साडेचार किलोपेक्षा जास्त नवीन अन्न टाकू नका. जास्त टाकलं तर आतलं तापमान चढतं, नवं अन्न हळू गोठतं आणि जुनंही बिघडायला लागतं.

ज्यांना आवरण लागतच नाही

काही गोष्टींना निसर्गानेच साल दिली आहे. पिकलेले टोमॅटो धुऊन, पुसून अख्खे गोठवा. वापरताना नळाच्या पाण्याखाली धरले की साल हाताने सुटते. रस्सा आणि सॉसला ते उत्तम, कच्चे खायला नाहीत. लिंबं अख्खी गोठवता येतात, वितळल्यावर रसही भरपूर निघतो. केळी सालीसकट गोठतात. साल काळी पडते, गर चांगला राहतो. पण गोठलेल्या केळ्याची साल काढणं त्रासाचं होतं, म्हणून सोलून, तुकडे करून ताटात गोठवणं मला जास्त सोयीचं वाटतं. आलं अख्खं ठेवा आणि गोठलेलंच किसा. मिरच्या देठ काढून, कोरड्या करून बरणीत भरा, त्यांना उकळत्या पाण्याची गरज नसते. ही सगळी मंडळी एका उघड्या टोपलीत महिना-दोन महिने सुखाने राहतात. त्याहून जास्त ठेवायची असतील तर झाकणाच्या डब्यात हलवा.

कापलेल्या सफरचंद, पेअरसारख्या फळांना लिंबाचा रस लावा म्हणजे ती काळी पडत नाहीत. काकडी, लेट्यूस, कच्चा बटाटा आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग यांच्या वाट्याला जाऊ नका. पिशवीत असो की डब्यात, ते बिघडतातच.

डबा न अडकवता सूप आणि रस्सा

प्लास्टिक सोडणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी की सगळे डबे फ्रीजरमध्येच अडकून पडतात. त्यावर उपाय आहे. चौकोनी स्टीलच्या डब्यात आतून बटर पेपर असा लावा की त्याची टोकं बाहेर राहतील. निवलेला पदार्थ ओता, गोठवा. घट्ट झाला की टोकं धरून ठोकळा उचला. निघाला नाही तर डब्याचं बूड काही क्षण साध्या पाण्यात धरा. ठोकळा त्याच कागदात गुंडाळून एका मोठ्या घट्ट डब्यात विटांसारखा रचा आणि लहान डबा मोकळा करा. एकाला पुरेल एवढा ठोकळा केला तर हवं तेवढंच वितळवता येतं.

थोड्या प्रमाणातल्या गोष्टींसाठी बर्फाचा स्टीलचा ट्रे वापरा: टोमॅटोची प्युरी, लिंबाचा रस, वाटण, चिरलेली कोथिंबीर-पुदिना थोड्या पाण्यात बुडवून. पानं पाण्याखाली राहिली की हवा लागत नाही. इथे बर्फच आवरणाचं काम करतो. लसूण तेलात वाटून गोठवणार असाल तर वाटल्याबरोबर लगेच फ्रीजरमध्ये टाका. तेलातला लसूण बाहेर ठेवल्यास बॉटुलिझम या विषबाधेच्या जंतूंना वाढायला जागा मिळते आणि त्यांचं विष जिवावर बेतू शकतं.

शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत थंडाव्यात गेलं पाहिजे, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. मोठं पातेलं निवायची वाट पाहू नका. उथळ भांड्यांत विभागा आणि भांडं गार पाण्यात ठेवा. भात तर तासाभरात निववून पसरट डब्यात गोठवावा, कारण त्यातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही उरतात आणि कोमट भातात वाढून विष तयार करतात. ते विष नंतर गरम करूनही जात नाही.

ब्रेडच्या चकत्या करून जाड सुती पिशवीत ठेवल्या तर आठवडाभर चांगल्या राहतात. त्यापुढे डबाच हवा.

मासे आणि मांस

इथे प्लास्टिक टाळणं सगळ्यात अवघड आहे, पण माशांसाठी एक सुंदर पद्धत आहे. तुकडे ताटात घट्ट गोठवा, बर्फासारख्या गार पाण्यात क्षणभर बुडवा आणि पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवा. तुकड्यावर बर्फाचा पातळ थर बसतो. सगळीकडून सारखा थर होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा, मग तुकडे झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. बर्फाचा थर आधी उडून जातो आणि मासा वाचतो. थर विरळ दिसला तर परत बुडवायचं. तेलकट मासे दोन-तीन महिन्यांत, बाकीचे सहा महिन्यांत संपवा.

मांस शिजवून, रश्श्यात बुडवून गोठवणं मला जास्त योग्य वाटतं. कच्चंच ठेवायचं असेल तर रिंग असलेल्या डब्यात जवळजवळ भरून, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. नुसत्या कागदात ठेवू नका, त्यातून गळणारं पाणी बाकीच्या अन्नाला लागतं.

नाव, तारीख आणि मुदत

स्टीलच्या डब्यात काय आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि न दिसणारं अन्न विसरलं जातं. कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने पदार्थ आणि तारीख लिहा. शाई ओलाव्याने पसरते. पट्टी डबा कोरडा आणि गरम-गार नसताना लावा, थंड डब्याला ती चिकटत नाही. फ्रीजरच्या दारावर एक यादी ठेवा आणि काढलेलं खोडत जा.

घट्ट डब्यातल्या भाज्या आणि फळं आठ ते बारा महिने, सूप आणि रस्से दोन ते तीन महिने, ब्रेड तीन महिन्यांपर्यंत चांगला राहतो. कागदात किंवा सैल झाकणात ठेवलेल्या कोणत्याही गोष्टीची मुदत मी महिनाभरच धरते. या मुदती चवीच्या आहेत. उणे १८ अंशांवर सतत राहिलेलं अन्न त्यानंतरही विषारी होत नाही.

वितळवणं, आणि वीज गेली तर

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. म्हणून अन्न ओट्यावर न वितळवता फ्रिजमध्ये वितळवा. भाज्या थेट गरम कढईत टाकल्या तरी चालतात, उलट त्या जास्त कुरकुरीत राहतात. सूपचा ठोकळा कागद काढून पातेल्यात मंद आचेवर ठेवा. शिजवलेलं अन्न मधोमध ७४ अंशांपर्यंत गरम झालं पाहिजे, म्हणजे सगळीकडून वाफा यायला हव्यात. फ्रिजमध्ये वितळलेलं अन्न पुन्हा गोठवता येतं, पोत थोडा उतरतो इतकंच.

वीज गेली तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर दार बंद राहिल्यास साधारण ४८ तास थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रीजरमध्ये मोकळी जागा असेल तर पाऊण भरलेल्या पाण्याच्या बरण्या ठेवून ती भरून काढा. वीज आल्यावर डबे एकेक करून उघडा. ज्यात बर्फाचे कण अजून दिसतात ते परत गोठवा. जे मांस, मासे किंवा शिजवलेलं अन्न ४ अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलं असेल ते टाकून द्या, वास ठीक वाटला तरीही.